दर दोन तासांनी कूस
(प्रस्तावना)

सेवाग्रामच्या आश्रमात बापूकुटीच्या जवळच एक छोटी कुटी आहे. तिला परचुरे कुटी म्हणतात. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, आपल्या शेजारी जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. आश्रम पाहायला आलेली माणसे या कुटीपुढे हात जोडतात आणि पुढे जातात. मी तिथे उभी राहिले की मला परिचारिकेचे प्रश्न पडतात. बधिर झालेल्या कातडीवर किती जोर द्यायचा, हे त्या हातांना कसे कळले असेल? रोगी संकोचू नये म्हणून ते आधी काय बोलत असतील? आणि हे सगळे ते शिकले कुठे?

ते कामातच शिकले. दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना ते एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात रोज तास-दोन तास जात, औषधे देत, रोग्यांची विचारपूस करत. १८९९च्या बोअर युद्धात आणि १९०६च्या झुलू बंडात त्यांनी जखमी वाहून नेणारी पथके उभी केली. त्यांना नर्सिंगची पदवी कुणी दिली नव्हती. हात काम करत गेले, मन प्रश्न विचारत गेले आणि शुश्रूषा अंगी मुरली.

सेवाग्रामजवळच्याच वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी एक शिक्षण परिषद भरली. तिथे गांधीजींनी मांडले की, हाताचे काम हा शिक्षणाच्या शेवटी जोडायचा विषय नाही, तेच शिक्षणाचे माध्यम आहे. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामात ही शिक्षणपद्धती, म्हणजे नई तालीम, प्रत्यक्ष चालवून दाखवली. एकाच जिल्ह्यात, जवळजवळ एकाच काळात, शुश्रूषा आणि कामातून शिक्षण अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी वाढल्या. तरी त्यांची एकमेकींशी नीट गाठ पडली नाही. ती गाठ घालण्याची धडपड या पुस्तकात आहे, म्हणून त्याला चार शब्द लिहिण्याचे मी आनंदाने कबूल केले.

विषय साध्या शब्दांत असा आहे. वॉर्डात आधीपासून राबणाऱ्या माणसाला, त्याचा पगार चालू ठेवून, कामाच्या जागीच, राखून ठेवलेल्या वेळात आणि नेमून दिलेल्या शिक्षकाच्या हाताखाली शिकवून पदवीपर्यंत आणि परिचारिकेच्या नोंदणीपर्यंत नेता येईल का? इंग्लंडने अलीकडे याचे एक उत्तर दिले आहे. २०१५मध्ये लॉर्ड विलिस यांच्या अहवालाने तिथल्या मदतनिसांच्या शिक्षणाकडे लक्ष वेधले. मदतनीस आणि नोंदणीकृत परिचारिका यांच्यामध्ये एक पायरी बांधायचे ठरले आणि तिला नाव मिळाले नर्सिंग असोसिएट. जानेवारी २०१७पासून पहिल्या तुकड्या शिकू लागल्या, जानेवारी २०१९मध्ये त्यांची नोंदणी सुरू झाली. अभ्यासक्रम दोन वर्षांच्या फाउंडेशन पदवीचा आहे आणि तो शिकाऊ उमेदवार म्हणून, नोकरीत राहून पुरा करता येतो. पुढे शिकून पूर्ण परिचारिका होण्याची वाटही खुली आहे.

आपल्याकडे पायऱ्या आहेत, पण प्रत्येक पायरी चढायला आधीची सोडून खाली उतरावे लागते. तळाला मावशी, आया आणि वॉर्डबॉय. मग दोन वर्षांची एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), तीन वर्षांची जीएनएम (सामान्य परिचारिका-प्रसाविका), चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक, त्यापुढे एम.एस्सी. एएनएम झालेल्या बाईला जीएनएमला प्रवेश मिळतो, हे खरे. पण त्यासाठी तिने नोकरी सोडायची, फी भरायची, घरचा चुलीचा खर्च दुसऱ्या कुणावर टाकायचा. नोकरीतल्या परिचारिकांसाठी इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पोस्ट बेसिक पदवी चालवली, तो या वाटेवरचा मोलाचा प्रयोग होता. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यापीठाचा रुग्णसहायक अभ्यासक्रम आहे, कौशल्य विकास योजनेतले जनरल ड्यूटी असिस्टंट आहेत. मात्र या प्रमाणपत्रांवर नर्सिंग परिषदेत नोंदणी होत नाही. वीस वर्षे वॉर्डात काढलेली मावशी वीस वर्षांनंतरही मावशीच राहते.

या क्षेत्रात नवख्या वाचकाने चार परंपरा ओळखून घ्याव्यात. त्या एकामागून एक आल्या, पण एकीने दुसरीला पुसून टाकलेले नाही. आजच्या कोणत्याही वॉर्डात चारही सापडतात.

पहिली परंपरा रुग्णालयाची. १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून शाळा निघाली आणि शुश्रूषा ही शिकून करायची गोष्ट आहे, हे जगाला पटू लागले. आपल्याकडे मुंबईची मोठी रुग्णालये आणि मिरजेसारखी मिशनची केंद्रे यांनी ही रीत रुजवली. मुली वसतिगृहात राहत, विद्यावेतन घेत, ड्यूटी करत आणि त्या ड्यूटीतूनच शिकत. पण इथे एक मोठा अडसर होता. परक्या माणसाच्या शरीराला, मळाला, रक्ताला हात लावणे हे काम आपल्या समाजाने ठरावीक जातींच्या बायकांवर ढकलून दिले होते. सुईणीवाचून कुणाचे अडले नाही असे घर नव्हते, आणि तिला मानाने बसवणारी घरे फार थोडी होती. १९०९मध्ये पुण्यात सेवासदन उभे करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी मराठी घरांतल्या मुलींना, विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा त्या एका व्यवसायाबरोबर जुन्या विटाळाच्या कल्पनेलाही हात घालत होत्या. मिशनमधल्या ख्रिस्ती भगिनींनी आणि पुढे केरळातून आलेल्या असंख्य सिस्टरांनी ही परंपरा महाराष्ट्रभर पेलली.

दुसरी परंपरा विद्यापीठाची. मुली शिकायला येतात की रुग्णालय चालवायला, हा प्रश्न अमेरिकेत १९२३च्या गोल्डमार्क अहवालाने स्पष्टपणे विचारला. भारतात १९४६मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. त्याच वर्षी आलेल्या भोर समितीच्या अहवालाने परिचारिकांच्या तुटवड्यावर आणि शिक्षणावर सविस्तर लिहिले, १९४७मध्ये भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा झाला. महाराष्ट्रात १९९८पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ या पदव्या देते. पदवी म्हणजे नुसती भिंतीवरची चौकट नव्हे, याचा पुरावाही आहे. २०१४मध्ये लॅन्सेटमध्ये नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास छापून आला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली, आणि प्रत्येक परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ती ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. या दोन आकड्यांना या पुस्तकात फार महत्त्व आहे. स्वस्तातला हात परिचारिकेच्या जागी उभा केला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

तिसरी परंपरा गावाची, आणि तिच्या बाबतीत वर्धा जिल्हा श्रीमंत आहे. १९३६मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. कस्तुरबा गेल्या १९४४मध्ये. त्यांच्या स्मरणार्थ सेवाग्रामात स्त्रिया आणि मुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना उभा राहिला, डॉ. सुशीला नायर यांनी तो वाढवला आणि १९६९मध्ये त्याच्याभोवती ग्रामीण भागातले वैद्यकीय महाविद्यालय आकाराला आले. १९५१मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वर्देकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीवर काम चालले. साधी शिकलेली, पण कसून तयार केलेली माणसे गावोगाव, घरोघर जाऊन कातडीवरचा चट्टा ओळखू लागली. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने ही पद्धत उचलली. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत वाढलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्यासह १९८६मध्ये ‘सर्च’ सुरू केले. गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्यांनी घरीच नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हे १९९९मध्ये लॅन्सेटने छापले. नई तालीमच्या शाळेतला विद्यार्थी पुढे कामातून शिकवण्याची अशी शाळा काढतो, हा मला योगायोग वाटत नाही. आपली एएनएम, म्हणजे पाच हजार वस्तीच्या उपकेंद्राची आरोग्यसेविका, याच परंपरेची लेक आहे.

चौथी परंपरा आत्ता घडते आहे. कामाला जोडलेली पदवी. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा आहे, पण तो मनात धरून आपण डोळ्यांपुढे आणतो तो कारखान्यातला फिटर. २०१६मध्ये केंद्राची शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली, २०२०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीतच शिकाऊ उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नर्सिंगमध्ये मात्र नोंदणी मिळवून देणारी पदवी अशा वाटेने घेता येत नाही. ती वाट आखायची झाली तर कशी आखावी, हा या पुस्तकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

इथे मला स्वतःचे थोडे सांगितले पाहिजे, कारण या प्रश्नाकडे मी कोणत्या बाजूने पाहते ते वाचकाला कळायला हवे. मी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला होते. विदर्भातले एक रुग्णालय, रात्रपाळी, पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. स्टाफ सिस्टर दोन वॉर्ड एकटी सांभाळत होती, म्हणून आमचा वॉर्ड माझ्यावर होता. अर्धांगाचा एक म्हातारा कोपऱ्यातल्या खाटेवर होता. मी जवळून गेले की म्हणायचा, “पोरी, कूस पालटून दे वं.” मी “आलेच” म्हणायचे. सलाईन बदलायच्या होत्या, ताप घ्यायचे होते, एकाला धाप लागली होती. चौथ्या रात्रीनंतर त्याच्या माकडहाडावरची कातडी फुटली. रजिस्टरमध्ये दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद होती. खाली माझी सही होती.

सकाळच्या इन्चार्ज सिस्टरांनी ते पान पाहिले, जखम पाहिली. ओरडल्या नाहीत. मला साइड रूममध्ये नेले, गादी नसलेल्या ट्रॉलीवर उताणे झोपायला लावले आणि म्हणाल्या, “आता हालू नको.” वीस मिनिटांनी विचारले, “कुठं कुठं लागते?” टाचा, माकडहाड, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. “बस, तेच. त्यालेही तिथंच लागते. तुले हालता येते, त्याले येत नाही.” मग त्यांनी तिथेच, त्या ट्रॉलीच्या कडेला बसून, हाड आणि फळी यांच्यात सापडलेल्या कातडीचे रक्त कसे थांबते ते सांगितले.

त्या रुग्णालयाने मला चार रात्री राबवून घेतले, आणि त्या बाईंनी मला वीस मिनिटे शिकवले. काम दोन्हीकडे तेच होते. एकीकडे कुणी शेजारी उभे नव्हते, दुसरीकडे होते. कामातून शिकणे आणि शिकण्याच्या नावाखाली काम करून घेणे यांत इतकेच अंतर आहे. पण त्या अंतरात एखाद्याचा जीव जातो.

नई तालीमचे मर्म मला त्या ट्रॉलीवर कळले. तकली फिरवणारे मूल नुसते सूत काढत नाही. कापूस कुठल्या मातीत येतो, तार किती लांब निघाली, पीळ का बसतो, विलायती कापड इथे कसे आले, असे त्याला विचारत गेले की गणित, भूगोल आणि इतिहास त्या सुतातून निघतात. कूस बदलणेही तसेच आहे. दोनच तास का, असे विचारले की रक्ताभिसरण येते. बारीक माणसाला जखम लवकर का होते, असे विचारले की आहार आणि प्रथिने येतात. ओली चादर का चालत नाही, इथे जंतुशास्त्र येते. चादर ओढायची नाही, माणूस उचलायचा, इथे घर्षणाचे पदार्थविज्ञान येते. लाजणाऱ्या रोग्याला आधी काय सांगायचे, इथे मानसशास्त्र येते. आणि न केलेल्या कामावर सही करायची नाही, इथे नीती येते. एका कुशीत अर्धा अभ्यासक्रम आहे. पण प्रश्न विचारणारे कुणी नसेल तर ती फक्त पाठदुखी आहे.

म्हणून कामावर राहून मिळणाऱ्या कोणत्याही पदवीला मी चार कसोट्या लावीन. शिकण्याचा वेळ रोस्टरमध्ये लिहिलेला हवा आणि वॉर्डात माणूस कमी पडला तरी तो कापला जाता कामा नये. प्रत्येक शिकणारीला नावानिशी नेमलेली मार्गदर्शक हवी, आणि मार्गदर्शकाच्या कामाचे तास व मोबदला त्यात धरलेले हवेत. शिकाऊ उमेदवार स्टाफच्या संख्येत मोजला जाऊ नये. आणि मधल्या प्रत्येक पायरीला वर जाणारे दार हवे. शेवटची कसोटी इंग्लंडच्या जुन्या अनुभवातून येते. १९४३मध्ये तिथे दोन वर्षांच्या शिक्षणाची ‘एन्रोल्ड नर्स’ निर्माण केली गेली. तिने दशकानुदशके वॉर्ड चालवले, पण तिला वर जाण्याची वाट अरुंद होती. पुढे ते शिक्षणच बंद झाले आणि हजारो बायकांना नव्याने शिकून आपली जागा मिळवावी लागली. मधली पायरी बांधणे सोपे असते. ती पायरी कोंडवाडा होऊ न देणे कठीण.

हे सगळे आताच का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या अहवालात जगात २ कोटी ७९ लाख परिचारिका असल्याचे आणि ५९ लाख कमी पडत असल्याचे सांगितले. त्याच वर्षी कोविड आला आणि दर दोन तासांनी कूस या गोष्टीची किंमत साऱ्या जगाला कळली. पालथे झोपवलेल्या रुग्णाला नळ्यांसकट वळवायला चार-पाच जाणती माणसे लागत. २०२१मध्ये बी.एस्सी.चा अभ्यासक्रम सत्रपद्धतीने नव्याने बांधला गेला. २०२३मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला, म्हणजे १९४७ची चौकट बदलते आहे. चौकट बदलत असतानाच नव्या वाटेची जागा आखून घ्यायची असते. एकदा भिंती उभ्या राहिल्या की दार पाडणे अवघड.

आणि वर्धा का? कारण इथे जवळजवळ प्रत्येक कडी हाताशी आहे. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथली मोठी शिक्षण-रुग्णालये आहेत, जिल्हा रुग्णालय आहे, आठ तालुक्यांत पसरलेली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे आहेत. कारंजा, आष्टी, समुद्रपूरकडच्या ज्या मुली बारावीनंतर शेतमजुरी आणि लग्न यांच्यामध्ये उभ्या असतात, त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यात पगार आणि पदवी एकत्र मिळणे ही केवढी गोष्ट आहे, हे इथल्या आईबापांना समजावून सांगावे लागणार नाही.

या पुस्तकाने तीन गोष्टी एकत्र आणल्या आहेत. वॉर्डात शिकवणाऱ्या सिस्टरांचे आणि शिकणाऱ्या मुलींचे अनुभव त्यांच्याच शब्दांत, शिक्षणाची आणि कायद्याची नेटकी माहिती, आणि एका जिल्ह्यापुरता आखलेला आराखडा. आराखडा अंतिम असल्याचा दावा लेखकांनी केलेला नाही. तो वापरून, मोडून, सुधारून पाहावा असाच आहे. प्रकरणांतून वाचकाला एकच धागा दिसेल: प्रत्येक ठिकाणी लेखक आधी हाताचे काम दाखवतात, मग त्यातले शास्त्र उलगडतात आणि शेवटी व्यवस्थेकडे वळतात. हा क्रम मला फार योग्य वाटतो.

हे पुस्तक मराठीत आहे, याचे मला विशेष मोल वाटते. मराठी शाळेतून आलेली मुलगी नर्सिंगला येते आणि पहिल्या आठवड्यात तिच्यापुढे इंग्रजीची जाडजूड पुस्तके पडतात. ती हुशार असते, पण घोकू लागते, आणि घोकता घोकता विचारायचे विसरते. वॉर्ड मात्र मराठीत, वऱ्हाडीत बोलतो. रोगी “पोटात कसंकसंच होऊन राहिलं” म्हणतो, त्याचा अर्थ कोणत्याही इंग्रजी पुस्तकात नसतो. ती बोली आणि ते शास्त्र एकाच पानावर आणण्याचे कष्ट इथे घेतले आहेत.

वाचकांना माझी विनंती आहे. तुम्ही पाठ्यनिदेशिका असाल तर हे वाचून एकदा विद्यार्थिनीसोबत रात्रपाळीला थांबा. रुग्णालयाचे व्यवस्थापक असाल तर रोस्टर हातात घेऊन वाचा. मंत्रालयात बसत असाल तर चार कसोट्यांचे पान दुमडून ठेवा. आणि तुम्ही मावशी असाल, वॉर्डात वीस वर्षे काढली असतील आणि हे पुस्तक कुणी तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर हे पुस्तक तुमच्यासाठीही लिहिले आहे, एवढे लक्षात असू द्या.

त्या म्हाताऱ्याची जखम भरायला पुढे सात आठवडे लागले. रोज मी ती धुतली, रोज त्याला कुशीवर वळवले आणि प्रत्येक वेळी घड्याळ पाहून मगच सही केली. घरी जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात माफी होती की आशीर्वाद, मला कळले नाही. पण परिचारिका मी त्या दिवसापासून झाले, परीक्षा पास झाले त्या दिवसापासून नव्हे. पुढच्या मुलींना हे शिकण्यासाठी कुणाच्या पाठीची कातडी फुटावी लागू नये, त्यांच्या शेजारी पहिल्याच रात्री कुणीतरी उभे असावे, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

वर्धा